चांदीला समुद्र दिसतो

मला कोकणात जायचं आमंत्रण मिळालं ते भांडणाच्या सुरात. मिरजेत आमच्या स्वयंपाकघरात मी मोड आलेले वाल सोलत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला.

"रविवारच्या पेपरात गाईंवर लिवलंत त्या बाई तुमीच काय?"

मी खुशीत हो म्हटलं. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर एका पुरवणीत विज्ञानाचं सदर लिहायला घेतलं. वाचकांचे फोन येतात ते बहुतेक शुद्धलेखनाच्या चुका दाखवायला. त्यामुळे कुणी मजकुरावर बोलतंय म्हटल्यावर मला बरंच वाटलं.

"मग हतं येवा," पलीकडून आवाज आला, "आनि जे लिवलंत ते आमच्या गुरांच्या तोंडावर सांगा."

फोन करणारीचं नाव सुनंदा. गाव राजापूरपासून आत. माझा लेख होता 'गाय ढेकर देते आणि पृथ्वी तापते'. मथळा माझाच, आणि तो सुचल्यावर मी त्या दिवशी दोनदा चहा प्याले होते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होतो, तो ढेकरांतून बाहेर पडतो आणि हवा तापवायला हातभार लावतो, असं त्यात सोपं करून सांगितलं होतं. शेवटी मी जरा जोरात लिहिलं होतं, की चराईची रानं बंद करून तिथं झाडं लावली पाहिजेत. मिरजेत बसून हे लिहायला काहीच कष्ट पडत नाहीत.

तर तो लेख सुनंदाच्या गावच्या देवळात मोठ्यानं वाचला गेला होता. गावाच्या माथ्यावरचा सडा चराईला बंद करून एका कंपनीला झाडं लावायला द्यायचा घाट घातला होता, आणि गौरी गेल्या की गाव बसून काय ते ठरवणार होतं. "सडा गेला तर माझी गुरां विकायला लागतील," सुनंदा म्हणाली. "तुमच्या कागदावर विकायची तर तुमी समोर पाह्यजे."

मी खरं तर नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मागे वारा ऐकू येत होता, आणि त्या वाऱ्यात कुणीतरी अगदी जवळ, फार समाधानानं, मोठा श्वास सोडला. सुनंदाचा तो नव्हता. का कोण जाणे, मी येते म्हणाले.

अणुस्कुऱ्याच्या खाली

कोल्हापूरहून निघालेली एसटी अणुस्कुरा घाटात शिरली आणि ढगातही शिरली. घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं. त्यातून मधूनच एखादं झाड पुढं यायचं आणि परत जायचं. मला छान झोप लागली. जाग आली तेव्हा खाली अर्जुना नदीकाठी राजापूर होतं, बाजार गणपतीच्या गर्दीनं फुलला होता, आणि माझी छत्री कोल्हापूरच्या स्टँडवर राहिली होती.

गौरी यायचा दिवस होता. पुढच्या गाडीनं संध्याकाळी गावात पोचले तेव्हा सुनंदा पाखाडीच्या खाली, म्हणजे वाडीकडे चढणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या तळाशी, हातात तेरड्याची भली मोठी जुडी घेऊन उभी होती. पंचेचाळीसच्या आसपासची, लहानखुरी, भुवया कायम थोड्या वर. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी केली होती. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्या डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घातली.

"छत्री इसरलात ना? वाटलंच मला," एवढंच म्हणाली.

आमच्याकडे गौरीला मुखवटे, दागिने, साड्या. इथं तेरड्याच्या जुडीलाच लुगडं नेसवून गौर उभी केली. सुनंदाचा नवरा लोट्याला कंपनीत, त्याला सणालाही सुट्टी मिळाली नव्हती. दीर प्रकाश मुंबईहून बायकोसह आला होता. झाडं लावणाऱ्या कंपनीचा प्रस्ताव गावात आणणारा हाच. मी त्याला जरा लबाड कल्पून आले होते. निघाला अगदी गुणी माणूस. माझ्यासाठी आंघोळीचं पाणी त्यानंच काढून ठेवलं होतं.

"मॅडम, तुमचा लेख भारी," तो म्हणाला. "वहिनींना समजावा जरा. पोरं सगळी मुंबईला. गुरं राखायला माणूस कुठाय? निदान झाडं तरी उभी राहतील, गावाला काहीतरी मिळेल."

सुनंदा चुलीपुढं बसून आंबोळ्या घालत होती. तिनं मान वर केली नाही, पण पुढची आंबोळी करपली.

जेवताना तिनं मला राखणीची रीत सांगितली. भाताची शेतं उभी असतात तेवढे महिने गावची सगळी गुरं एकत्र सड्यावर जातात. गुराखी ठेवत नाहीत, घरं आळीपाळीनं राखतात. ज्याच्या घरी जितकी जनावरं, तितके दिवस त्यानं राखायचं, मग काठी पुढच्या घरी जाते.

"माझी राखण सात दिवस," ती म्हणाली.

"म्हणजे तुझी सात गुरं."

प्रकाशच्या बायकोनं माझ्या पानात काळ्या वाटाण्याची उसळ वाढली आणि हळूच म्हणाली, "तसं म्हणत नाहीत, बाई. दिवस सांगतात."

सड्यावर

दुसऱ्या दिवशी गौरी जेवायच्या होत्या आणि काठी नेमकी अजून सुनंदाकडे होती, तिच्या राखणीचा तो शेवटचा दिवस. सणाच्या दिवशी तिला रानात जावं लागतं म्हणून शेजारणी हळहळल्या. तिच्या चेहऱ्यावर मात्र हळहळ काही दिसेना. भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि एक पिकलेला चिबूड फडक्यात बांधून ती निघाली, आणि मी तिच्या मागे. वाड्यावाड्यांतून गुरं आपापली बाहेर येत होती. लहानखुरी, आखूड शिंगांची, तांबडी, काळी, करडी. आमच्याकडच्या जर्सी गाई यांच्या शेजारी उभ्या केल्या तर आत्याबाईंसारख्या दिसतील. त्या गाई गोठ्यातच जन्म काढतात, उसाचं वाढं आणि पेंड खातात, आणि रान कसलं ते त्यांना ठाऊक नसतं. लेखात मी जो आकडा दिला होता तो तर त्यांच्याहूनही थोराड, परदेशी गाईंचा होता. हे मला त्या चढावर, दम लागलेला असताना, पहिल्यांदा आठवलं.

"किती गुरं आहेत ग सगळी?" मी विचारलं.

"मोजायची नसतात."

"का?"

"मोजली की कमी होतात."

जन्मभर प्रयोगशाळेत मापं घेतलेल्या बाईला हे सांगून उपयोग नव्हता. चढ संपला, सपाटी आली, आणि सुनंदाची पाठ वळताच मी बोटानं मोजून टाकली. तेवीस. वहीत लिहूनही ठेवलं.

आणि मग मी मान वर करून सडा पाहिला.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्या दगडाचा सपाट विस्तार. उन्हाळ्यात तो काळा, भाजका कातळ असतो म्हणे. मला तो दिसला तो निळा. बोटाच्या पेराएवढी सीतेच्या आसवांची फुलं, लाखांनी, ओल्या कातळावर उभी. मधे पांढऱ्या गेंदांचे पट्टे, खळग्यांत साठलेलं पाणी, त्या पाण्यात ढग. धुकं जमिनीलगत चालत होतं. गाई त्यात पोटापर्यंत बुडायच्या, नुसत्या पाठी दिसायच्या, मग त्याही जायच्या आणि घंटा तेवढी वाजत राहायची. आपण कशासाठी आलो हेही मी थोडा वेळ विसरले.

"इथं झाडं लावणार?" बऱ्याच वेळानं मी विचारलं.

"कातळ फोडून खड्डे पाडनार, खालून माती आननार." सुनंदानं चिबूड फोडला. "झाडं नकोत असं नाय वो. खाली उताराला लावा की, तिथं माती हाय. पन हतं गुरांनी गवत खाल्लं नाय ना, तर ते वाळतं. फाल्गुनात कोनीतरी बिडी टाकतो. मग वनवा खाली काजूत उतरतो. दोन साल झाली, अर्धी बाग गेली आमची."

वणव्याचा धूर मी माझ्या हिशेबात धरला नव्हता. चिबूड गोड होता, गूळ न लावताही.

"आनि खरं सांगू?" ती म्हणाली. "राखनीच्या दिवशी मला कोन हाक मारत नाय. घरात दिवसभर सुनंदा, सुनंदा. हतं नाय. सात दिस." तिनं साल लांब फेकली आणि एक तांबडी गाय लगबगीनं तिकडे गेली. "गुरां विकली की ते पन गेले."

लेख लिहिताना मी दूध मोजलं होतं, वायू मोजला होता. हे कुठल्या रकान्यात घालायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. मला तिच्यापुढं माझीच फार लाज वाटली. एवढी साधी गोष्ट तिला एका परक्या बाईला पटवून द्यावी लागत होती.

दुपारी ती पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, पाणी भरून आणायला खाली गेली. "जरा नजर ठेवा. ती काय कुठं जात नायत," म्हणून सांगून गेली.

ती दिसेनाशी झाली आणि धुकं दाट झालं. थोड्या वेळानं पातळ झालं तेव्हा मी सवयीनं मोजलं. बावीस. पुन्हा मोजलं. बावीस. उलट्या बाजूनं मोजलं, तरी बावीस. मग माझा धीर सुटला. मी "ए, ए" असं काहीतरी ओरडत धावले, शेवाळावरून घसरले आणि एका खळग्यात बसकण मारली. वही पाण्यात, चष्मा गवतात. जवळच्या पाड्यानं चरणं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागला.

सुनंदा आली तेव्हा मी त्याच अवस्थेत होते.

"एक कमी आहे!" मी म्हटलं.

"एक म्हंजे कोन?"

मला सांगता येईना. सकाळपासून मी ती सगळी पाहत होते आणि त्यातली एकही मला ओळखता येत नव्हती. सरकारनं प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला मारला होता, त्यावर नंबरही होता. तोही मी वाचला नव्हता.

सुनंदानं एकदा इकडून तिकडे नजर फिरवली. तिचे ओठ हलले नाहीत, बोट उचललं गेलं नाही. "चांदी," ती म्हणाली. मग माझ्या ओल्या वहीकडे पाहिलं. "मोजलीत ना?"

मी मान खाली घातली. ती एवढी हसली, की तिला काठी टेकून उभं राहावं लागलं.

चांदी सड्याच्या पश्चिमेच्या कडेला बसली होती. सुनंदाचीच, म्हातारी, करडी, पाठीचा कणा वर आलेली, बिल्ला निम्मा फाटलेला. तिथून जमीन एकदम खाली जाते, आणि दूर, झाडांच्या पलीकडे, एक राखी पट्टी दिसते. ती पट्टी समुद्राची आहे हे कळायला मला वेळ लागला.

"रोज दुपारी हतं येऊन बसते," सुनंदा म्हणाली. "तिला समुद्र दिसतो."

"गाईला समुद्र कशाला हवा?"

"मला कशाला हवा?" ती म्हणाली, आणि चांदीच्या पोटाला टेकून बसली. "रेंज पन हतंच येते. तुमाला फोन केलेला तो हतनंच."

मी चांदीच्या दुसऱ्या बाजूला बसले. तिचं अंग गरम होतं आणि माझी साडी ओली. ती रवंथ करत होती. जबडा सावकाश फिरायचा, थांबायचा, गळ्यातून काहीतरी वर यायचं, पुन्हा फिरायचा. आणि मग तिनं, माझ्या कानाजवळ, फार समाधानानं, एक मोठा श्वास सोडला. त्याला ओल्या गवताचा आंबूस वास होता. फोनवर ऐकलेला तो हाच.

म्हणजे मिथेन. ज्यावर मी आठशे शब्द लिहिले होते तो वायू मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तो खोटा नव्हता, हवेत जाऊन तो जे करायचं ते करणारच होता. पण मला तिथून उठवेना. किती वेळ गेला ते माहीत नाही. समुद्राची पट्टी राखी होती ती पांढरी झाली, मग दिसेनाशी झाली. गुरं आपण होऊन घराकडे वळली तेव्हा चांदीही उठली आणि आम्ही तिच्या मागोमाग उतरलो.

खाली गौरीला वडे आणि कोंबडीचा रस्सा असा तिखटाचा नैवेद्य होता. आमच्या मिरजेच्या घरात गौरीपुढं असं पान मांडलं असतं तर सासूबाई स्वर्गातून उतरल्या असत्या. मी चार वडे खाल्ले.

देवळात

गौरी गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाव देवळात बसलं. अध्यक्ष होते जाधव गुरुजी. बौद्धवाडीतले निवृत्त शिक्षक, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. माझं कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवून देवळात वाचणारे हेच. त्यांच्या दोन म्हशी, म्हणजे त्यांची राखण दोन दिवस. तरीही त्यांनी लेख वाचला होता. "विज्ञान आपल्या सोयीचं असेल तेवढंच वाचायचं, असं मी मुलांना कधी शिकवलं नाही," ते मला म्हणाले. मला त्यांचा फार आदर वाटला.

मी उभी राहिले. गाय वायू सोडते हे खरं, म्हणून सांगितलं. पण मी लिहिलेला आकडा दुसऱ्याच गाईंचा होता. धान्य खाणाऱ्या, यांच्या दुप्पट आकाराच्या. ते मी लिहिलं नव्हतं, आणि वणव्याचा धूरही धरला नव्हता. "माझा लेख या सड्याबद्दल नाही," मी म्हटलं. "सडा मी परवा पाहिला."

"पण मॅडम," प्रकाश शांतपणे म्हणाला, "आमच्या गाई दूधही तेवढंसं देत नाहीत. लिटरमागे हिशेब केला तर आमच्याच जास्त वायू सोडतात. बरोबर ना?"

बरोबर होतं. मी तसं सांगितलं. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं नाही.

बोलणं बराच वेळ चाललं. कुणी म्हणालं उताराची जमीन द्या, प्रकाश म्हणाला कंपनीला सलग सडाच हवा. शेवटी त्यानं अर्ज काढला. सगळं भरलेलं होतं, एक रकाना सोडून.

"सध्या सड्यावर चरणारी जनावरं किती, हे लिहायचंय," तो म्हणाला. "गुरं हटली की किती वायू वाचला, ते कंपनी त्यावरून धरते. तेवढं झालं की पाठवतो."

प्रकाशनं स्वतः तो आकडा लिहिला नव्हता. अनेक वर्षं मुंबईत ऑफिसात काढलेली, पण तो याच गावचा. त्यानं गुरुजींकडे पाहिलं.

"अंधश्रद्धा आहे," गुरुजी म्हणाले. "मला पूर्ण मान्य आहे." थोडं थांबले. "तरी मी सांगणार नाही."

मग सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी परकी होते, माझ्यानं काही बिघडणार नव्हतं. आणि माझ्या पिशवीत, वाळून फुगलेल्या वहीत, तो आकडा होता.

"मॅडम?" प्रकाश म्हणाला.

"चांदी," मी म्हटलं.

"नाही, आकडा."

"चांदी," मी म्हटलं, "कपिली. बांडी. पवळी. मोरी. लाल्या." परवा उतरताना सुनंदानं एकेकीला हाक मारली होती, त्यातली एवढीच माझ्या लक्षात राहिली होती. मी अडखळले. मागून सुनंदाचा आवाज आला, "ढवळी." मग दुसऱ्या कोपऱ्यातून एका म्हाताऱ्यानं आपल्या गोठ्यातली दोन नावं सांगितली. मग बायकांतून तीन आली. गुरुजींनी घसा साफ करून म्हशींची नावं सांगितली. प्रकाश पेन धरून बसला होता, आधी वैतागलेला, मग नुसता ऐकणारा. सगळी नावं झाली तेव्हा तो हळूच म्हणाला, "आणि तांबू."

"तांबू कवाच गेली रे," कुणीतरी म्हणालं. "तू सातवीत व्हतास."

लोक हसले. त्याचे कान लाल झाले. "माहीत आहे," तो म्हणाला, आणि अर्जाची घडी घातली. रकाना कोराच राहिला. गुरुजींनी निकाल दिला: शिमग्याला पुन्हा बसू, तोवर अर्ज कुठं जायचा नाही.

"शिमग्यापर्यंत तर शिमग्यापर्यंत," सुनंदा मला पाखाडी उतरताना म्हणाली. एसटी आली तेव्हा तिनं माझ्या पिशवीत चिबूड कोंबला. छत्री घ्या म्हणाली. मी तीही पुढं राजापूरच्या गाडीत विसरले.

मिरज

परत येऊन मी सदरात चूक कबूल केली. संपादकांनी विचारलं, मग बरोबर आकडा कुठला? मी म्हटलं, तो मलाही शोधायचा आहे. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

परवा सुनंदाचा फोन आला. मागे वारा होता. कंपनी थांबली नाही, म्हणाली. पलीकडच्या गावानं आकडा सांगितला, तिथं सड्यावर खड्डे पाडायला सुरुवात झाली. आपला सडा यंदा तरी राहिला. ती आनंदून सांगत नव्हती. त्या गावात तिची मोठी बहीण दिली आहे.

मग जरा थांबून म्हणाली, "बाई, माझी राखन आता सहा दिवस."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी गॅस बंद केला आणि पाटावर बसले.

"कधी?"

"घट बसायच्या आदल्या दिवशी. हतंच बसलेली. मी हाक मारली, उठली नाय."

वाऱ्यात दुसरं काही ऐकू येतं का म्हणून मी फोन कानाशी घट्ट धरला. नुसता वारा होता.

"आणि सातवा दिवस?" मी विचारलं. रीत मला माहीत होती. गाय नाही तर दिवस नाही.

"तो तुमच्या नावावर घातलाय. गुरुजी म्हनाले, बिनगाईची राखन आजवर कोनाला दिली नाय. मी म्हटलं, ह्यांना द्या, त्या तिच्याजवळ बसल्या व्हत्या." मग जरा दटावून, "येवाल ना? आनि मोजायची नायत हां."

कोल्हापूरहून राजापूरची गाडी सकाळी किती वाजता सुटते ते मी स्टँडवर विचारून ठेवलं आहे. नावं सगळी मागून घेतली आणि आता भाजी निवडताना रोज म्हणते, म्हणजे पुन्हा अडखळायला नको. चांदीचं अजून पहिलं येतं.